कॉर्न : चिठ्ठी क्रमांक नाही

शब्दकोशाच्या कचेरीनं मला उत्तरेला धाडलं
खोकंभर कोऱ्या चिठ्ठ्या देऊन.
ऑर्कनीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा वारा असा,
की माझ्या टोपीनं माझ्याआधी गाव पाहिलं.

थोरा इसबिस्टर, वय एक्क्याऐंशी,
दगडी उंबऱ्यावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होती.
विचारलं, कॉर्न म्हणजे काय?
तिनं मला न्याहाळलं, खुळ्याला न्याहाळावं तसं,
आणि गडग्यापलीकडे हनुवटी उडवली :
'ते.'

ते म्हणजे ओट.
कमरेइतके उंच, फिकट,
प्रत्येक दाणा खाली मान घालून लोंबलेला.
मी नॉरफकचा. आमच्याकडं कॉर्न म्हणजे गहू.
वाद घालायला मी आलो नव्हतो. तरी घातला.
'गव्हाला गहू म्हणायला तुमची जीभ झिजते का?' ती म्हणाली.
मी ते लिहून घेतलं.

मग मीच ऐकवत सुटलो :
मिऱ्याचा दाणाही कॉर्नच,
कागदोपत्री एका मिऱ्यावर अख्खं घर भाड्यानं जातं;
डब्यातल्या खारवलेल्या मांसात कॉर्न म्हणजे मिठाचे खडे;
बंदुकीची दारू दाणेदार करायची, त्यालाही हेच क्रियापद;
आणि पायाच्या बोटावरचं कुरूप –
ते मात्र शिंगाच्या घराण्यातलं, नुसतं नामबंधू.
'ते माझ्याकडं आहे,' म्हणत तिनं डावा बूट काढला.

बूट पुन्हा चढवताना, वर न बघता,
तिनं भावाचं नाव घेतलं. एर्लेंड.
नेब्रास्काला गेला, रेल्वेच्या जमिनीवर.
पहिलं पत्र : यंदा कॉर्न माझ्या डोक्यावरून दोन हात गेलंय,
आत शिरलेलं वासरू तीन दिवस सापडलं नाही.
बापानं खिडकीतून आपले ओट पाहिले.
पत्र घडी करून ठेवलं.
दुसरं पत्र : लाकूड नाही, कोळसा महाग,
थंडीभर आम्ही कॉर्नच जाळलं.

बाप खुर्चीतून उठला.
खोटं एक वेळ चालेल. पण धान्य? चुलीत?
त्यानंतर आलेली आठ पाकिटं
पिठाच्या पेटीत गेली, न फोडता,
आणि त्या घरात अमेरिकेचं नाव
फक्त हवामानाबद्दल बोलताना निघू लागलं.

धातूपर्यंत खणत गेलं तर सगळे सख्खे निघतात,
कॉर्न, लॅटिनातलं ग्रानुम, संस्कृतातलं जीर्ण :
दाणा म्हणजे जे पिकलं, जुनं झालं, ते.
हे मी तिला सांगितलं नाही.
ती पेटी उघडत होती.

बाप गेल्यावर तिनं पाकिटं फोडली.
सातव्यात पाच दाणे होते,
पिवळे, मोठे, घोड्याच्या दातांसारखे.
तळहातावर घेऊन ती किती वेळ उभी राहिली
हे तिनं सांगितलं नाही, फक्त म्हणाली, दूध उतू गेलं.
उत्तर लिहिलं. ते तसंच परत आलं,
पत्ता सोडून गेल्याचा शिक्का घेऊन.

चार दाणे तिनं गोठ्याच्या आडोशाला पेरले.
गुडघ्यापर्यंत आले. सप्टेंबरच्या वाऱ्यानं एका रात्रीत झोपवले.
पाचवा माझ्यासमोर ठेवला, बशीत.

'लिहा,' म्हणाली. 'कॉर्न म्हणजे मका.'
मी म्हणालो, ऑर्कनीत तो अर्थ नाही.
'लिहा. आणि खाली लिहा, तो खोटं बोलत नव्हता.'

कचेरीला तारीख लागते, मी म्हणालो.
तिनं दोन सांगितल्या :
पत्र आलं तो दिवस, आणि पत्र उघडलं तो दिवस.
मध्ये सव्वीस वर्षं.
चिठ्ठीवर तारखेला रकाना एकच असतो.
मी अक्षर बारीक केलं.